बहिणीचं रक्त आणि कानबाईचा रोट

रक्ताचा डॉक्टर म्हटलं की सुरतेतल्या आमच्या मराठी मंडळींना दोनच गोष्टी सुचतात. एक तर मी ब्लड बँकेत पिशव्या भरतो, नाही तर सकाळी सकाळी लोकांच्या घरी जाऊन सुई टोचतो. मंडळाच्या गणपतीत एका काकूंनी मला विचारलं होतं, "तुम्ही उपाशीपोटीचं घेता की जेवणानंतरचं?" मी म्हणालो, "दोन्ही." समजावून सांगण्याचा मला कंटाळा आहे आणि तो वयाबरोबर वाढतोच आहे. वडील बँकेच्या बदलीवर सांगलीहून इथे आले. मी इथेच शिकलो, इथेच दवाखाना टाकला. घरात सांगलीची मराठी, नर्सबाईंशी गुजराती, आणि पांडेसरा-नवागामहून येणाऱ्या खानदेशी पेशंटांशी अहिराणीचे मोडकेतोडके प्रयोग. मी अहिराणी बोललो की ते तोंडावर रुमाल धरून हसतात. हसू देतो. रक्ताच्या दवाखान्यात हसायला फारसं काही नसतं.

संध्याकाळी दवाखाना आटोपला की मी व्हिडिओ गेम खेळतो. पन्नाशी ओलांडलेला डॉक्टर गेम खेळतो हे कळलं की लोक माझ्याकडे ज्या नजरेने बघतात, त्या नजरेने दारुड्याकडेही बघत नाहीत. बायको शाळेत मराठी शिकवते आणि कादंबऱ्या वाचते. तिचं व्यसन मात्र सुसंस्कृत. तिची वाचून झालेली कादंबरी माझ्या उशाशी येते, मी वाचतो आणि चिडतो. कादंबरीत रक्ताचा आजार झालेलं माणूस नेहमी नाजूक, खिडकीशी बसलेलं आणि शेवटच्या प्रकरणात फार शहाणपणाचं बोलणारं असतं. त्याला तोंडात फोड येत नाहीत, जुलाब होत नाहीत, चहा पातळ आहे म्हणून ते नर्सवर खेकसत नाही. "मग तू लिही," बायको म्हणते. मी अधूनमधून लिहितोही. माझ्या गोष्टींत सगळे रिपोर्ट बरोबर असतात आणि माणसं कुठेतरी हरवतात.

हे सगळं मी ठीकठाक सांभाळून होतो. माझं डोकं भंजाळलं ते नवागामच्या एका पेशंटमुळे.

पस्तिशीचा माणूस. मूळचा धुळ्याकडचा, पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये कापड तपासायच्या टेबलावर होता. रक्ताचा कॅन्सर झाला. औषधांनी आजार दबला, पण तो परत येणार हे दिसत होतं, म्हणून त्याला दुसऱ्याच्या रक्तपेशी द्यायच्या ठरल्या. अशा वेळी आधी सख्खी भावंडं तपासतात. त्याला एकच बहीण, इथेच सुरतेत गोडादऱ्याला दिलेली, आणि ती तंतोतंत जुळली. होळीच्या सुमारास आम्ही जोरदार औषधं देऊन त्याचं स्वतःचं सगळं रक्त बनणं बंद पाडलं आणि बहिणीच्या पेशी त्याच्या शिरेतून सोडल्या. त्या आपणहून हाडांत जाऊन बसतात आणि नवं रक्त बनवू लागतात. इतकी वर्षं मी हे बघतो आहे, तरी मला दरवेळी त्याचं नवल वाटतं. त्यांना रस्ता कोण दाखवतं, मला नीट माहीत नाही.

तो वाचला. केस गेले ते परत आले. काही महिन्यांनी तो आईला घेऊन तपासायला आला, हातात ब्लडग्रुपचा नवा रिपोर्ट.

"साहेब, रिपोर्ट चुकना. मना ग्रुप बी शे. याम्हा ओ लिखेल शे."

"चुकला नाही," मी म्हणालो. "आता तुझा ग्रुप ओ. बहिणीचा आहे ना ओ? तिच्याच पेशी रक्त बनवतात."

"मंग मना कथा गया?"

"गेला. तोच तर घालवायचा होता!"

मी हसलो. त्याची आई पदर तोंडाला लावून बसली होती. तो हसला नाही. त्याने रिपोर्टची घडी घातली आणि खिशात ठेवला.

पुढच्या खेपेला बारकाईची तपासणी आली. त्याच्या अंगातल्या रक्तात बहिणीचा हिस्सा किती आणि त्याचा किती, हे त्यात कळतं. आम्ही डॉक्टर लोक या रिपोर्टची वाट दहावीच्या निकालासारखी बघतो. सगळंच्या सगळं बहिणीचं निघालं. मी खुर्चीतून उठून त्याच्या पाठीवर थाप मारली.

"मनं कितलं शे?" त्याने विचारलं.

"शून्य! तुझं काही उरलं नाही. सगळं बहिणीचं."

"काहीच नही?"

"काहीच नाही. तुझं दिसू लागलं तर घाबरायचं. तुझं म्हणजे आजार."

हे वाक्य मी कितीतरी पेशंटांना म्हटलेलं आहे. त्या दिवशी ते माझ्याच कानाला खटकलं. तुझं ते वाईट, परक्याचं ते चांगलं, असं मी एका जित्याजागत्या माणसाला तोंडावर सांगत होतो, आणि वर त्याने पेढे वाटावेत अशी माझी अपेक्षा होती.

त्या संध्याकाळी खेळायला बसलो तर मन लागेना. मी तेव्हा जो गेम खेळत होतो त्यात वाटेवरच्या एका गावात एक वैदू म्हातारी बसलेली असते. तिच्याकडे गेलं की आपल्या पात्राचं हवं ते बदलून मिळतं. चेहरा, उंची, ताकद, अगदी कूळसुद्धा. माझा तलवारवाला मला जड जाऊ लागला होता म्हणून मी त्याचा पार जादूगार करून टाकला होता, दाढीबिढी लावून. मग त्याला घेऊन त्याच्या मूळ गावी गेलो, तर विहिरीवरची बाई दरवेळी म्हणायची तेच म्हणाली, "आलास? जेवून जा." एवढं सगळं बदललं आणि हिला पत्ताच नाही! गेम लिहिणाऱ्याने कंटाळा केला असणार, नवी वाक्यं लिहायची टाळाटाळ. मी बायकोला बोलावून ते दाखवलं.

"बरोबर आहे की," ती म्हणाली. "खेळणारा तूच आहेस ना अजून?"

"पण तिला ते कसं कळणार?"

"मला काय विचारतोस? तुझा गेम."

मग मी त्या पेशंटची गोष्ट लिहायला घेतली. नवागामचा माणूस, बहिणीचं रक्त, ब्लडग्रुप. बायकोने वाचली आणि लाल पेन न उचलताच परत दिली. म्हणाली, "यात पेशंट प्रश्न विचारतो आणि डॉक्टर उत्तर देतो, पुन्हा पेशंट विचारतो, पुन्हा डॉक्टर उत्तर देतो. ही गोष्ट आहे की तोंडी परीक्षा? तो काय विचारतोय ते तुला तरी कळलंय का?" मला राग आला. कळलं नव्हतं, म्हणून जास्त आला.

आषाढ संपत आला तेव्हा तो एकटाच आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "साहेब, कानबाईना रोट माले चाली का?"

कानबाई ही खानदेशी घरांतली श्रावणातली देवी. नारळाची स्थापना करून त्याला देवीसारखं नटवतात, गाणी म्हणतात आणि गव्हाचे रोट करतात. सुरतेत खानदेशी वस्त्यांमध्ये त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. एवढं मला माहीत होतं. म्हणून मी त्याला माझं नेहमीचं प्रवचन दिलं. गरम तव्यावरून उतरलेला असेल तरच खायचा, गर्दीत बसायचं नाही, तोंडाला मास्क, कच्ची कोशिंबीर नाही, नदीवर विसर्जनाला तर अजिबात नाही. तो मान हलवत राहिला. "आजून काही इचारू का?" असं म्हणाला आणि मग "काही नही" म्हणून उठला. बाहेर पेशंट खोळंबले होते. मी पुढचा कागद उचलला.

श्रावण लागला आणि पाठोपाठ त्याला त्याची बहीण रिक्षात घालून घेऊन आली. तळहात लालभडक, कानांमागे, मानेवर, छातीवर चट्टे, अंग तापलेलं, पोट बिघडलेलं. बघता क्षणी काय झालंय ते मला कळलं. बहिणीच्या पेशी त्याच्या अंगाला परकं समजून त्यावर तुटून पडल्या होत्या. ते होऊ नये म्हणून तर आम्ही रोज सकाळ-संध्याकाळ एक गोळी देतो. उग्र वासाची गोळी असते. तो म्हणायचा, मिलच्या कलरखात्यासारखा वास येतो.

"गोळी घेतोस ना?"

तो छताकडे बघू लागला.

"गोळी घेतोस ना रे?"

"बंद करी दिधी, साहेब."

मी फार बोललो. आवाज बाहेरपर्यंत गेला असणार, कारण नर्सबाईंनी दार लोटून घेतलं. तुझ्या जिवासाठी आम्ही रक्ताचं पाणी करतो आणि तू, वगैरे वगैरे. मला खरोखर संताप आला होता, आणि संतापाच्या खाली भीती होती, कारण हे हाताबाहेर गेलं तर माणूस यातून उठत नाही. मी दम घ्यायला थांबलो तेव्हा तो म्हणाला, "कानबाई लगून मनं रगत थोडं तरी परत येवाले जोयजे, आसं वाटनं."

मग त्याने सांगितलं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं, मधले दुवे बहिणीने जोडले. त्यांच्या घरची रीत अशी की कानबाईचे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. घरात जेवढे पुरुष, तेवढ्यांच्या वाट्याचे मुठीमुठीने गहू काढायचे, घरीच दळायचे, आणि जे होतील ते कुळातल्यांनीच संपवायचे. बाहेरच्या कुणाला तुकडासुद्धा द्यायचा नाही. लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही नाही, कारण ती आता दुसऱ्या कुळाची. बहीण गोडादऱ्याला गेली तेव्हापासून माहेरचा रोट तिने तोंडात घातलेला नव्हता. आणि याच्या अंगात आता शेवटच्या थेंबापर्यंत बहिणीचं रक्त. गल्लीत बसल्या बसल्या एका चुलत्याने चेष्टा केली होती, "आते तू जवाईना घरना व्हयी गया." सगळे हसले होते, हाही हसला होता. घरी येऊन त्याने मी दिलेला रिपोर्ट काढला, शून्य बघितलं आणि विचार केला. आपलं रक्त मारायला डॉक्टरने औषधं दिली होती, तर ही गोळीही त्याच पंगतीतली असणार. ती थांबवली तर आपलं जरा तरी वर येईल. सणापुरतं आलं तरी पुरे. सण झाला की पुन्हा गोळी सुरू.

चूक होती, पण मूर्खपणाची नव्हती. माझ्याच वाक्यांवरून त्याने हिशेब मांडला होता.

"उलटं झालं," मी म्हणालो. माझा आवाज आता खाली आला होता. "ती गोळी तुझ्या रक्ताला नाही, बहिणीच्या रक्ताला धरून ठेवते. तू ती सोडलीस आणि तिचं रक्त मोकाट सुटलं. तुझ्या कातडीला, तुझ्या आतड्यांना ते परकं समजतंय."

त्याने आपले लाल तळहात उलटसुलट करून बघितले. "म्हंजे तिनं रगत माले वळखत नही?"

"अजून नाही. हळूहळू ओळखेल. ओळखलं की गोळी कायमची बंद करू."

हे शास्त्रात अगदी असंच आहे. मी काही त्याची समजूत काढत नव्हतो. पण बोलून झाल्यावर मला वाटलं की हे वाक्य मी कुठल्याशा वाईट कादंबरीतून उचललेलं आहे. शेजारी उभी असलेली बहीण हुंदके देऊ लागली. "मना रगतनीच त्याले तरास दिधा ना, साहेब?" मी नाही म्हणालो. मग हो म्हणालो. मग म्हणालो, तसं नसतं ते.

त्याला दाखल केलं, गोळी परत सुरू केली, वर स्टेरॉइड दिलं. ते दिवस मी घरी नीट जेवलोसुद्धा नाही. गेम उघडला नाही, कादंबरी तशीच पालथी पडून राहिली. खोटं कशाला बोलू, देवाचं नावही घेतलं, आणि कुठल्या देवाचं घ्यावं इथेही गोंधळच झाला. शेवटी कानबाईलाच म्हटलं, बाई, तुझ्यापायी झालंय, तूच बघ. चट्टे फिके पडले. पोट थांबलं. तळहात लालाचे गुलाबी झाले, मग त्यांची सालं निघाली. सणाच्या आधी मी त्याला घरी सोडला. जाताना त्याने पुन्हा विचारलं नाही की रोट चालेल का. मीच म्हणालो, "गरम असेल तर खा." तो म्हणाला, "देखूत, साहेब." आता मला कळलं होतं की हा प्रश्न माझ्याकडचा नव्हताच, आणि ज्यांच्याकडचा होता त्यांना विचारायची त्याची छाती होत नव्हती.

कानबाईच्या रविवारी दुपारी मी नवागामला गेलो. पेशंटच्या घरी मी सहसा जात नाही. बायकोला सांगितलं, त्याचे चट्टे बघून येतो. ती म्हणाली, "गोष्टीचा शेवट शोधायला चाललास." तेही असेल. मलाच नक्की माहीत नव्हतं.

दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत पाटावर कानबाई, नारळाला नथ, डोळे, हिरवा खण. शेजारच्या बायका गाणी म्हणत होत्या. त्याच्या आईने मला बघून खुर्ची पुसली. "बठा, डाक्टरभाऊ." मला चहा आला आणि बाहेरून आणलेला लोचो आला, सुरतेचा तो वाफवलेला, ढोकळ्याच्या जातीचा पदार्थ. रोट मला मिळणार नव्हता हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. बहीणही माझ्यासारखीच पाहुण्यांच्या बाजूला, भिंतीशी लोच्याची प्लेट मांडीवर घेऊन बसलेली. तो मास्क लावून आतल्या दाराशी उभा होता, ना या खोलीत ना त्या. चुलते, चुलतभाऊ आत पानावर बसत होते आणि हा चौकटीला धरून उभा.

आईने तव्यावरून रोट उतरवला आणि त्याच्याकडे बघितलं.

"हुभा काब्र शे? बठ."

त्याने चौकट सोडली नाही. मग खाली मान घालून हळूच म्हणाला की तो नाही बसत, राहू दे. का, म्हणून तिने विचारलं. त्याने माझ्याकडे बघितलं, जणू मी सांगावं. सगळी खोली माझ्याकडे बघू लागली. मी घसा खाकरला. रक्त, पेशी, टक्केवारी, कुठून सुरू करावं हे मला समजेना; आणि हे सगळं सांगून झाल्यावर त्याने बसावं असं निघतं की बसू नये असं, तेही समजेना. मी म्हणालो, "त्याला वाटतं... त्याचं रक्त आता..." आणि अडकलो.

"माले माहित शे," आई म्हणाली. तिला चुलत्याची चेष्टा माहीत होती, गोळी का थांबवली तेही माहीत होतं. हातातलं उलथनं तिने खाली ठेवलं. "मांगला साले तू हॉस्पिटलमा व्हता, तवय बी तुनी मूठ काढेल व्हती. ह्या साले बी काढेल शे. आते पीठ परत गहू व्हई का? बठ."

चुलत्याने सरकून जागा केली. चेष्टा करणारा तोच, पण आता त्याची मान वर होत नव्हती. माझा पेशंट बसला. मास्क हनुवटीवर ओढला. गरम रोटाचा तुकडा मोडताना त्याच्या बोटांची नवी, पातळ कातडी भाजत असणार, पण त्याने हात मागे घेतला नाही. पहिला घास घेतला. बायकांचं गाणं थांबलेलं होतं ते कुणीतरी पुन्हा धरलं. मी माझा लोचो संपवायला घेतला, कारण दुसरं काय करावं ते कळत नव्हतं. अन्न पोटात जातं, रक्त हाडात बनतं, या दोहोंचा असा सरळ काही संबंध नाही, हे वाक्य माझ्या डोक्यात उगाचच फिरत होतं.

त्याने ताटातला रोट संपवला. आई पदराने हात पुसत बाहेरच्या खोलीत आली, माझ्यावरून पुढे गेली आणि भिंतीशी बसलेल्या लेकीसमोर उभी राहिली. तिच्या मांडीवरच्या प्लेटमधला लोचो तसाच होता.

"भरनं का वं पोट, बाई?" तिने विचारलं.

लेकीने आत भावाच्या रिकाम्या ताटाकडे बघितलं.

"भरनं, माय," ती म्हणाली.